जेन ऑस्टिन आणि शार्लट ब्राँटे : कोल्हापूरच्या वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या वाचनगटात या दोघी इंग्रज कादंबरीकारांचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत एम.ए.ला इंग्रजी घेतलेल्या मुली असतात, निवृत्त शिक्षक असतात आणि मराठी माध्यमातून शिकून आता पहिल्यांदाच इंग्रजी कादंबरी हातात धरणारेही असतात. सगळ्यांना एकत्र वाचता यावीत म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मतं माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

दोघी इतक्या वेगळ्या आहेत, मग एकत्र का वाचायच्या?

वेगळ्या आहेतच. ऑस्टिनच्या कादंबरीत चहा, पत्ते, नाच आणि शेजारपाजारच्या चौकशा. ब्राँटेच्या कादंबरीत माळरान, वादळ, आग आणि माळ्यावर कोंडून ठेवलेली बाई. म्हणून दोघींना समोरासमोर उभं करून 'डोकं की काळीज' असा सामना लावायची जुनी पद्धत आहे. ती सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं. दोघी एकाच प्रश्नाभोवती लिहितात : जिच्या हातात स्वतःचा पैसा नाही, त्या बाईला 'नाही' म्हणायचं असेल तर तिला काय मोजावं लागतं?

हा प्रश्न कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुलगी बघायला येणं, पसंती कळवणं, नकार कळवणं हे आपल्याकडे आजही घरोघरी चालतं. मुलाकडून नकार आला तर 'पत्रिका जुळली नाही' म्हणून विषय मिटतो. मुलीने दिला तर 'एवढं चांगलं स्थळ घालवलं' हे तिला पुढचं वर्षभर ऐकावं लागतं. हे माहीत असलेल्या वाचकाला ऑस्टिन आणि ब्राँटे दोघी लगेच कळतात.

दोघी एकाच काळातल्या का? भेट झाली होती का?

नाही. जेन ऑस्टिन १६ डिसेंबर १७७५ ची आणि १८ जुलै १८१७ ला ती गेली. शार्लट ब्राँटेचा जन्म २१ एप्रिल १८१६ चा. म्हणजे जेन गेली तेव्हा शार्लट सव्वा वर्षाची होती.

शार्लटला जेनचं लेखन आवडत नव्हतं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि तिने ते पत्रांत स्वच्छ लिहून ठेवलं आहे. समीक्षक जॉर्ज हेन्री ल्यूइस याने शार्लटची 'जेन एअर' ही कादंबरी वाचून तिला ऑस्टिन वाचण्याचा सल्ला दिला. तोवर शार्लटने ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचलेलंही नव्हतं. वाचल्यावर जानेवारी १८४८ मध्ये तिने त्याला कळवलं की तिला त्यात कुंपण घातलेली, नीट राखलेली बाग दिसली. मोकळं रान आणि मोकळी हवा काही दिसली नाही. १८५० मध्ये तिने 'एमा' वाचली. तेव्हाही तिचं म्हणणं हेच की या बाईला मनातल्या वादळांची ओळखच नाही.

इथे शार्लटचं चुकलं असं मला वाटतं, आणि त्याचा पुरावा 'एमा'तच आहे. त्या कादंबरीत जेन फेअरफॅक्स नावाची मुलगी आहे. गुणी, शिकलेली, देखणी, पण पोरकी आणि कफल्लक. लग्न जमलं नाही तर तिच्यापुढे एकच रस्ता आहे : परक्याच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवणारी गव्हर्नेस व्हायचं. अशा नोकऱ्या मिळवून देणाऱ्या कचेऱ्यांबद्दल ती बोलते तेव्हा थेट गुलामांच्या व्यापाराशी तुलना करते. तिथे माणसाचं शरीर विकतात, इथे बुद्धी विकतात, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. हे वाक्य कुंपणातल्या बागेतलं नाही. ऑस्टिन जेन फेअरफॅक्सला त्या नोकरीच्या दारापर्यंत नेते आणि शेवटच्या क्षणी लग्न जमवून परत आणते. शार्लट ब्राँटे ते दार उघडून आत जाते आणि तिथून 'जेन एअर' सुरू करते. दोघींच्या या मुलींचं नाव जेन असणं हा योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो.

घरची परिस्थिती कशी होती?

दोघींचे वडील चर्चचे पाद्री. म्हणजे समाजात मान आहे, घरात पुस्तकं आहेत, पण राहतं घर नोकरीबरोबर आलेलं. वडील गेले की घर गेलं. ही धास्ती दोघींच्या पोटात कायम होती.

जेन हँपशरमधल्या स्टीव्हन्टनला वाढली. आठ भावंडांत सातवी. मुलं सहा आणि मुली दोनच, जेन आणि कॅसँड्रा. वडील शेती बघायचे, घरी मुलं ठेवून शिकवायचे. घर हसतं-खेळतं, नाटकं बसवणारं. १८०१ मध्ये वडिलांनी निवृत्ती घेतली आणि कुटुंब बाथला गेलं. जानेवारी १८०५ मध्ये वडील वारले आणि आई व दोन्ही मुली भावांनी दिलेल्या पैशांवर आल्या. पुढची चार वर्षं या घरातून त्या घरात. त्या काळात जेनच्या हातून फारसं लेखन झालं नाही. एक कादंबरी सुरू करून तिने सोडून दिली. श्रीमंत नातेवाइकांना दत्तक गेलेला भाऊ एडवर्ड याने १८०९ मध्ये चॉटनचं घर राहायला दिलं आणि तिथे ती पुन्हा लिहू लागली. आज जगभर वाचल्या जाणाऱ्या सहाही कादंबऱ्या छापून निघाल्या त्या चॉटनला आल्यानंतरच. एका बाईला बूड टेकायला जागा मिळाली आणि आठ वर्षांत एवढं काम झालं.

शार्लटचं घर यॉर्कशरमधलं हॉवर्थ. ती सहा भावंडांत तिसरी. १८२१ मध्ये आई गेली. १८२५ मध्ये दोन थोरल्या बहिणी, मराया आणि एलिझाबेथ, निवासी शाळेतून क्षयाने आजारी होऊन घरी आल्या आणि काही आठवड्यांच्या अंतराने गेल्या. 'जेन एअर'मधली लोवुड शाळा आणि तिथे मरणारी हेलन बर्न्स यांचं मूळ तिथे आहे. नऊ वर्षांची शार्लट एकाएकी घरातली थोरली झाली. हॉवर्थ गावही रोगट. दफनभूमी भरून वाहत होती आणि तिचा निचरा गावाच्या पाण्यात उतरत होता. १८५० मध्ये सरकारी पाहणी झाली तेव्हा गावातलं सरासरी आयुष्य जेमतेम २५-२६ वर्षं निघालं. ही पाहणी व्हावी म्हणून झटणाऱ्यांत शार्लटचे वडील पॅट्रिक पुढे होते. सहाही मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली आणि ते स्वतः ८४ वर्षं जगले.

त्या घरात उरलेल्या चार पोरांनी, म्हणजे शार्लट, भाऊ ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन यांनी, काय केलं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. मुलांनी त्या शिपायांना नावं दिली, त्यांची राज्यं वसवली आणि त्या शिपायांना वाचता येतील एवढीशी पुस्तकं तयार केली. काडेपेटीच्या आकाराची पानं, त्यावर छापील अक्षरांची नक्कल करणारं मुंगीएवढं अक्षर. ती आज भिंगाखाली धरून वाचावी लागतात. मोठ्या माणसांना वाचता येऊ नयेत हाही त्यातला एक फायदा असणार. शार्लटचा लेखनाचा हात तिथे बसला.

दोघींना लग्नाची स्थळं आली नाहीत का?

आली. नकार त्यांनी दिला. माझ्या मते दोघींच्या चरित्रातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

डिसेंबर १८०२. जेनला २७ वर्षं पूर्ण होत आली होती. कॅसँड्राबरोबर ती मॅनीडाउन इथे मैत्रिणींकडे राहायला गेली. त्या घरचा वारस हॅरिस बिग-विदर तिच्याहून लहान, तिथल्या मोठ्या इस्टेटीचा पुढचा मालक. त्याने मागणी घातली. जेनने होकार दिला. रात्र गेली आणि सकाळी तिने होकार परत घेतला. लगोलग दोघी बहिणी तिथून निघाल्या. त्या रात्री तिच्या मनात काय चाललं होतं याचा एकही कागद नाही. पण तिला माहीत होतं की या लग्नाने तिचं, कॅसँड्राचं आणि म्हाताऱ्या आईवडिलांचं आयुष्यभराचं भागलं असतं. ते माहीत असून तिने नाही म्हटलं.

शार्लटने १८३९ या एका वर्षात दोन मागण्या नाकारल्या. पहिली मैत्रिणीच्या भावाची, हेन्री नसीची. त्याला पाद्र्याच्या कामाला शोभणारी बायको हवी होती आणि तिने कळवलं की तुम्हाला हवी तशी मी नाही. दुसरी मागणी एकाच भेटीत प्रेमात पडलेल्या एका आयरिश पाद्र्याची. हे करताना तिच्यापुढे पर्याय काय होता? तोच, गव्हर्नेसचा. १८४१ मध्ये तिला वर्षाला २० पौंड पगार ठरला आणि त्यातून कपडे धुण्याचे पैसे वजा जाऊन हातात उरले सुमारे १६. दिवसभर मुलं आणि रात्री उशिरापर्यंत मालकिणीचं शिवणकाम.

पुढे तिने लग्न केलं, पण ३८ व्या वर्षी आणि नाव झाल्यावर. वडिलांचे सहायक पाद्री आर्थर बेल निकल्स यांनी १८५२ च्या डिसेंबरात मागणी घातली तेव्हा वडिलांनी आकाशपाताळ एक केलं. दीड वर्ष ताणाताणीत गेलं. २९ जून १८५४ ला लग्न झालं. लग्नाआधी शार्लटने करार करून स्वतःच्या कमाईचे पैसे वेगळे बांधून ठेवले. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात लग्न होताच बाईचा पैसा नवऱ्याचा होत असे. तो कायदा बदलायला १८७० आणि १८८२ उजाडलं. नऊ महिन्यांनी, ३१ मार्च १८५५ ला, गरोदरपणातल्या आजारात ती गेली.

स्वतःचं नाव का घातलं नाही?

१८११ मध्ये 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' निघाली तेव्हा मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर फक्त 'एका बाईकडून' एवढंच होतं. जेन जिवंत असेपर्यंत तिचं नाव एकाही पुस्तकावर आलं नाही. ब्राँटे बहिणींनी करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशी पुरुषी वाटतील न वाटतील अशी नावं घेतली. बाईचं पुस्तक म्हटलं की परीक्षणं आधी बाईची होतात, पुस्तकाची नंतर, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याआधी, १८३६ च्या अखेरीस, वीस वर्षांच्या शार्लटने इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट सदी यांना कविता पाठवल्या होत्या. त्यांचं उत्तर आलं की साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये. ते पत्र तिने जपून ठेवलं.

मराठी वाचकाला इथे 'विभावरी शिरूरकर' आठवल्याशिवाय राहणार नाही. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' निघालं आणि ही विभावरी कोण याचा शोध घेण्यात अख्खा महाराष्ट्र गुंतला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं होतं, त्यामुळे संतापही मोठा. बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना नावाचा आडोसा का घ्यावा लागला हे 'करर बेल'ची हकिगत वाचली की नीट कळतं. आणि उलटही.

लिहून पैसे किती मिळाले?

पहिल्या कादंबरीचा छपाईचा धोका जेनने स्वतःच्या अंगावर घेतला आणि १४० पौंड नफा मिळवला. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने १५० मागून ११० ला विकून टाकले. नंतर त्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या त्याचा एक पौंडही तिला आला नाही. आणखी एक हकिगत ऐका. १८०३ मध्ये तिने एक हस्तलिखित १० पौंडांना विकलं. प्रकाशकाने ते छापलंच नाही. १८१६ मध्ये तेच हस्तलिखित भावामार्फत १० पौंड मोजून परत आणलं. ती 'नॉर्थँगर ॲबी', जेन गेल्यावर छापली गेली. २०१७ पासून जेन ऑस्टिनचं चित्र इंग्लंडच्या १० पौंडांच्याच नोटेवर आहे.

आयुष्यभरात जेनला सगळे मिळून सहाशे-साडेसहाशे पौंडांच्या आसपास मिळाले. शार्लटला 'जेन एअर'चे पाचशे, 'शर्ली'चे पाचशे आणि 'व्हिलेट'चेही पाचशेच, जरी घरी सातशेची अपेक्षा होती. त्याआधी तिघी बहिणींनी पदरच्या पैशाने छापलेल्या कवितासंग्रहाच्या वर्षभरात दोन प्रती खपल्या होत्या. दोनच.

ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत नुसती लग्नंच तर असतात. त्यात एवढं काय आहे?

लग्नं असतात, आणि प्रत्येक लग्नाच्या शेजारी आकडा लिहिलेला असतो. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' हातात पेन्सिल घेऊन वाचा. बेनेट घराण्याचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, पण इस्टेट पुरुष वारसालाच जाणार अशी बांधलेली. घरात पाच मुली, मुलगा नाही. म्हणजे वडील गेले की सगळं चुलत भावाला, कॉलिन्सला. हा कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा तिला तोंडावर सांगतो की आईच्या पश्चात तुझ्या वाट्याला एक हजार पौंड, चार टक्क्यांचे, एवढंच येणार. म्हणजे वर्षाला ४० पौंड. दुसरं कुणी विचारेल याचीही खात्री नाही, हेही ऐकवतो. एलिझाबेथ तरीही नाही म्हणते.

आपण तिच्यासाठी टाळ्या वाजवतो आणि पुढच्या काही पानांत ऑस्टिन आपल्याला गप्प करते. तोच कॉलिन्स तीनच दिवसांत एलिझाबेथच्या मैत्रिणीकडे, शार्लट लूकसकडे, जातो आणि ती हो म्हणते. ती २७ वर्षांची आहे, दिसायला साधी आहे, हातात पैसा नाही. तो मूर्ख आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिला घर हवं आहे. तिने होकार दिल्यावर तिच्या धाकट्या भावांना हायसं वाटतं, कारण आता बहीण म्हातारपणी आपल्या गळ्यात पडणार नाही. हे एक वाक्य ऑस्टिन जाता जाता लिहिते आणि पुढे निघते. मला हे वाक्य कुठल्याही आगीपेक्षा आणि वादळापेक्षा जास्त भाजतं.

आपल्याकडे २००५ पासून वडिलोपार्जित हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आणि तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी तुम्हीही पाहिल्या असतील. 'माहेर तुटायला नको' म्हणून केलेली ती सही. शार्लट लूकसचा होकार आणि ही सही यांत मला फार अंतर दिसत नाही.

'जेन एअर'मध्ये प्रेमकथा आहे की बंडाची कथा?

दोन्ही, पण हिशोबाचीही आहे, आणि ते बहुतेक जण विसरतात. जेन लोवुडला वर्षाला १५ पौंडांवर शिकवते, थॉर्नफिल्डच्या वाड्यात गव्हर्नेस म्हणून ३० वर जाते. वाड्याचा मालक रॉचेस्टर तिच्यावर दागिने आणि रेशमी कपडे लादू लागतो तेव्हा ती अस्वस्थ होते, कारण ती त्याच्या पगारावर आहे आणि आता त्याच्या भेटींखालीही दबणार. लग्नाच्या दिवशी त्याची पहिली बायको जिवंत असल्याचं कळतं. त्यानंतरचा नकार हा कादंबरीचा कणा आहे. तिचंच मन तिला म्हणतं, तुला कोण विचारणारं आहे, तू काहीही केलंस तरी कुणाला फरक पडणार आहे? तिचं उत्तर साधं आहे : मला पडतो. खिशात जेमतेम प्रवासापुरते पैसे घेऊन ती पहाटे घर सोडते आणि दोन-तीन दिवसांत डुकरांसाठी ठेवलेली गार लापशी मागून खायची वेळ तिच्यावर येते. नकाराची किंमत शार्लट अशी भुकेत मोजून दाखवते.

मग काकाची २० हजार पौंडांची दौलत येते. जेन ती स्वतः आणि तीन आतेभावंडं अशा चौघांत वाटते, प्रत्येकी पाच हजार. रॉचेस्टरकडे ती परत जाते ती यानंतर, आपलं पोट आपण भरू शकते ही खात्री झाल्यावर. हा क्रम महत्त्वाचा आहे.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये लिहिलं की शार्लटचा राग तिच्या कादंबरीत मध्येच घुसतो आणि कलाकृतीला तडा देतो. वुल्फविषयी पूर्ण आदर ठेवून मी हे मानत नाही. तो राग काढून टाकला तर 'जेन एअर'मध्ये उरेल काय?

या दोघींचा भारताशी काही संबंध आहे का?

वाटतं त्याहून पुष्कळ. जेनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये जहाजाने भारतात आली. हुंडा नाही, आईबाप नाहीत, म्हणून कंपनी सरकारच्या मुलखात नवरा मिळवायला पाठवलेली मुलगी. पुढच्याच वर्षी कडलूरला कंपनीतल्या टायसो हँकॉक नावाच्या डॉक्टरशी तिचं लग्न झालं. त्यांची मुलगी एलायझा १७६१ मध्ये कलकत्त्यात जन्मली आणि वॉरन हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता. हीच एलायझा पुढे जेनच्या हेन्री या भावाची बायको झाली. जेनने पोरवयात लिहिलेल्या 'कॅथरीन' या अपुऱ्या गोष्टीत एका पोरक्या मुलीला अशीच बंगालला धाडलेली दाखवली आहे. लोक म्हणतात नशीब काढलं पोरीने, आणि नायिका विचारते, परक्या मुलखात अनोळखी माणसाच्या गळ्यात बांधलं जाणं हे नशीब कसं?

शार्लटकडे बघा. 'जेन एअर'मधला सेंट जॉन रिव्हर्स मिशनरी होऊन भारतात निघालेला आहे आणि जेनने बायको म्हणून बरोबर यावं यासाठी तिला हिंदुस्तानी शिकवतो. जेन म्हणते, येते, पण बहीण म्हणून, मोकळी. बायको म्हणून नाही. आणि प्रत्यक्ष आयुष्यात शार्लटच्या प्रकाशन संस्थेतला जेम्स टेलर १८५१ मध्ये मुंबईला पेढीच्या कामासाठी निघाला, त्याआधी तिला भेटायला हॉवर्थला आला. तिने त्यालाही नकार दिला. तो मुंबईला गेला, ती 'व्हिलेट' लिहायला बसली.

माळ्यावर कोंडलेल्या बर्थाचं काय?

तिच्याबद्दल विचारलंत हे फार चांगलं केलंत. बर्था, म्हणजे रॉचेस्टरची ती पहिली बायको, जमैकाची. तिच्या हुंड्याच्या ३० हजार पौंडांसाठी रॉचेस्टरच्या घरच्यांनी लग्न लावलं. म्हणजे पैसा असलेल्या बाईचीही गत काय होते ते तिथे आहे, पण शार्लट तिला बोलू देत नाही. ते काम १९६६ मध्ये जीन ऱ्हिस या डोमिनिकात जन्मलेल्या लेखिकेने केलं आणि बर्थाच्या बाजूने अख्खी कादंबरी लिहिली. १९७९ मध्ये सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांनी एकोणिसाव्या शतकातल्या लेखिकांवरच्या आपल्या ग्रंथाला याच माळ्यावरच्या बाईचं नाव दिलं. ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये घरचा पैसा अँटिग्वाच्या मळ्यांतून येतो. नायिका फॅनी गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि खोलीत शांतता पसरते. त्या शांततेकडे समीक्षक एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये जगाचं लक्ष वेधलं. आपण एके काळच्या वसाहतीतले वाचक आहोत. ही पानं आपण भराभर उलटू नयेत.

मेल्यानंतर त्यांची प्रतिमा कुणी घडवली?

घरच्यांनी आणि स्नेह्यांनी, आणि दोघींना सोज्वळ करून टाकलं. जेनच्या विंचेस्टर कॅथेड्रलमधल्या शिळेवर तिचा स्वभाव आहे, श्रद्धा आहे. कादंबऱ्यांचा उल्लेख नाही. तो असलेली पितळी पाटी लागायला १८७२ उजाडलं. कॅसँड्राने बहिणीची बहुतेक पत्रं जाळली. आज सुमारे १६० उरली आहेत. उरलेल्यांत सुद्धा जेनची जीभ तिखट आहे. १८६९ च्या अखेरीस भाच्याने लिहिलेल्या आठवणींत मात्र ती गोड, घरगुती आत्या झाली. त्या पुस्तकासाठी कॅसँड्राच्या जुन्या रेखाचित्रावरून चेहराही मवाळ करून घेतला. नोटेवर आहे तो त्याच मवाळ चेहऱ्यावरून घेतलेला.

शार्लटचं चरित्र तिची मैत्रीण आणि स्वतः मोठी कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल हिने १८५७ मध्ये लिहिलं. अप्रतिम पुस्तक. पण शार्लट ब्रसेल्सला शिकत-शिकवत असताना तिथल्या विवाहित प्राध्यापक एझे यांच्यात गुंतली होती, ते गॅस्केलने ठाऊक असून झाकलं. शार्लटची एझेंना लिहिलेली चार पत्रं उरली आहेत. त्यांनी फाडून टाकलेले तुकडे त्यांच्या बायकोने उचलले आणि सुई-दोऱ्याने टाके घालून जोडून ठेवले. एझेंच्या मुलांनी ती १९१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिली. कागदावरचे टाके आजही दिसतात.

एमिली आणि ॲन?

त्यांच्यासाठी वेगळं पान हवं. इथे एवढंच : ब्रॅनवेल सप्टेंबर १८४८ मध्ये, एमिली डिसेंबरमध्ये आणि ॲन पुढच्या मे महिन्यात गेली. आठ महिन्यांत तिघं. 'शर्ली' शार्लटने त्या काळात पुरी केली.

सिनेमा किंवा मालिका पाहिली तर चालेल का?

सुरुवात म्हणून जरूर. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर दूरदर्शनने १९८५ मध्ये 'तृष्णा' केली होती, अनेकांना आठवत असेल. 'जेन एअर'वरून १९५२ चा 'संगदिल', दिलीपकुमार आणि मधुबालाचा. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वरून २००० चा तमिळ 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' मला सगळ्यांत जास्त आवडतो. वडिलांच्या पश्चात घर सोडून शहरात येणाऱ्या बायकांची फरफट त्यात खरी वाटते. पण पडद्यावर आकडे गळून पडतात आणि प्रेम उरतं. ऑस्टिनचा निवेदनाचा आवाज तर कुठल्याच पडद्यावर पूर्ण उतरत नाही.

मग श्रेष्ठ कोण?

कारागिरीत ऑस्टिन. 'एमा'सारखी बांधणी शार्लटला जमली नाही, आणि 'शर्ली' मधेच ढासळते हे मान्य करायला हवं. एकट्या बाईच्या मनाचा तळ गाठण्यात मात्र 'व्हिलेट'च्या जवळपास ऑस्टिन पोचत नाही. तिने तिकडे जायचं ठरवलंच नव्हतं. माझं स्वतःचं पुस्तक विचाराल तर ऑस्टिनचं 'पर्स्वेजन'. लोकांचं ऐकून दिलेल्या नकाराचा आठ वर्षं चाललेला पश्चात्ताप त्यात आहे.

सुरुवात कुठून करू? पुस्तकं कुठे मिळतील?

इंग्रजीची सवय कमी असेल तर 'जेन एअर'पासून. 'मी' म्हणून सांगितलेली गोष्ट आहे, ती ओढून नेते. पहिली दहा प्रकरणं झाली की भाषेची भीती जाते. त्यानंतर 'प्राइड अँड प्रेज्युडिस', संवाद मोठ्याने वाचत. मग 'एमा' आणि शेवटी 'व्हिलेट'. 'व्हिलेट'मध्ये फ्रेंच वाक्यं बरीच आहेत, म्हणून तळटिपा असलेली आवृत्ती घ्या. मराठी अनुवाद घेताना तो संक्षिप्त आहे का हे आधी पाहा. कुमारांसाठी केलेल्या संक्षेपात गोष्ट राहते आणि हिशोब जातो.

कोल्हापुरात १८५० पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. विद्यापीठात असाल तर बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत ते आधी विचारून जा. दोघींच्या कादंबऱ्यांवर आता कुणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्यामुळे 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर त्या पूर्ण आणि फुकट मिळतात. मोबाइलवर उतरवून घेता येतात. गटात यायचं असेल तर एकच अट आहे, ठरलेली प्रकरणं वाचून या. पुढच्या खेपेला कॉलिन्सची मागणी आणि शार्लट लूकसचा होकार, म्हणजे पहिल्या खंडातली प्रकरणं १९ ते २२.